ठकूबाईची बाजरी महाराजांनी पेरली

डोंगराच्या कुशीत कुसळवाडी नावाचे गाव. तेथील मारुतीच्या पारावर श्रीसोनगिरी महाराज उतरले होते. अंगावर एक घोंगडी आणि मुखी नाम, बस्स!

गावात ठकूबाई नावाची एक विधवा राहत असे. महाराजांना भाकरी दिल्यावाचून तिच्या तोंडी घास जात नसे. जमीन म्हणाल तर वीतभर, तीही खडकाळ. पण बाईने उन्हाळाभर कुजलेले शेणखत पाटी-पाटीने डोक्यावरून वाहिले आणि रानात पसरले. पाऊस पडून गेला, वापसा आला. भुई ना चिखल ना धूळ, बाजरी पेरायला अगदी हवी तशी! पण वापसा कुणासाठी थांबतो थोडाच? त्यातून ऊन असे कडक, की दुपार टळेपर्यंत ओल उडून जायची. अन् ठकूबाईपाशी बैल नाहीत!

तिचा जीव नुसता वरखाली होत होता. या बांधावरून त्या बांधावर बिचारी धावली. ज्याचे त्याचे बैल पेरणीत गुंतलेले. शेवटी ती सुभानराव पाटलाच्या रानात आली.

"पाटील, घटकाभर बैल द्या हो! खत उन्हात करपतंय. आज बी नाही पडलं तर वर्षाची भाकरी गेली माझी."

पाटील चाबूक नाचवत हसला. "रोज त्या गोसावड्याला खाऊ घालतेस ना? मग त्यालाच जुंप की पाभरीला!"

गडीमाणसे फिदीफिदी हसली. ठकूबाई डोळे पुसत माघारी फिरली. येऊन पाहते तो काय! तिच्या रानात बी पेरायची पाभर उभी आणि महाराजांनी जू खांद्यावर घेतलेले!

"ठकू, चाड्यावर मूठ धर. बी सोड."

"अगं माझे आई! महाराज, हे पाप माझ्या हातून नका करवू!"

"पाप-पुण्य मागून बघू गं. ओल उडत्येय, आधी पेर!"

महाराज ओढू लागले. काय सांगावे! जेथे त्यांचे पाऊल पडे, तेथली पांढरी पडलेली भुई काळीभोर, ओलसर होई. ठकूबाईच्या मुठीतून बाजरी पडत राहिली.

तिकडे पाटलाचे बैल तासातच मटकन खाली बसले. पाटलाने चाबकाने फोडून काढले, शेपट्या पिरगाळल्या, पण छे! बैल ढिम्म. माती डोळ्यांदेखत भुरकट होऊ लागली. आता पाटलाची तगमग सुरू झाली. इतक्यात एक गडी पळत आला, "पाटील, ठकूच्या रानात महाराज पाभर ओढतायत!"

पाटील तसाच धावला. पाहतो तर महाराजांच्या पाठीवर चाबकाचे ताजे वळ!

"महाराज, कुणी हो मारलं?"

महाराज म्हणाले, "सुभाना, तुझे बैल थकलेत रे. त्यांना जरा बसू दे. त्यांच्या वाटणीचे आज आम्ही घेतलेय."

पाटलाच्या हातून चाबूक गळाला. त्याने महाराजांच्या खांद्यावरचे जू काढून आपल्या खांद्यावर घेतले आणि ठकूबाईचे उरलेले रान पेरून दिले. मग त्याने महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले.

"ऊठ सुभाना, तुझी पेरणी राहिलीय. बैल बघ, उठले."

बैल केव्हाच उठले होते. पाटील मात्र उठेना.