नकाशाचं पीस

त्या काळी जंगलात नकाशा काढल्याशिवाय कुणी घर बांधत नसे. नकाशे काढायचं मोरपीस होतं एकच. कासवआजोबांकडून पीस न्यायचं आणि काम संपलं की लगेच परत द्यायचं, अशी रीत.

खारीने उंदराच्या बिळाचा नकाशा सकाळीच पुरा केला, पण पीस काही दिलं नाही. दिलं आणि पुन्हा मिळालंच नाही तर? ते काखेत धरून ती बसून राहिली. भूक लागली तरी हलेना. कुणी जवळून गेलं की तिचा जीव खालीवर होई.

सुतारपक्षी विचारायला आला. "खारूताई, झालं का गं?"

"थोडंच राहिलंय रे!" म्हणत ती उगाच रेघोट्या ओढू लागली.

संध्याकाळी वारा सुटला. फांदीवरचं तिचं घरटं हेलकावे खाऊ लागलं, आतली पिल्लं किंचाळली. खार धावत सुतारपक्ष्याकडे गेली.

"अरे, आज मला ढोली कोरून देणार होतास ना?"

"देणार होतो, ताई. पण तुझ्या ढोलीचा नकाशा काढायला पीसच मिळालं नाही."

खारीने सवयीने काखेतलं पीस आणखी घट्ट दाबलं.