केरोपंतांचे सध्याचे पुस्तक

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात केरोपंत नावाचे निवृत्त शिक्षक राहत होते. त्यांच्याएवढे वाचन पंचक्रोशीत कोणाचे नव्हते. गावात एक छोटे वाचनालय होते. दर गुरुवारी दिवे लागण्याच्या सुमारास तिथल्या ओट्यावर वाचणारी माणसे जमत आणि आपण सध्या काय वाचतो आहोत ते एकमेकांना सांगत. केरोपंतांची पाळी आली की सगळे सावरून बसत. ते एखाद्या जाडजूड ग्रंथाचे नाव घेत आणि त्यातले विचार असे उलगडून सांगत की माणसे थक्क होऊन ऐकत राहत.

पण एका वर्षी केरोपंतांची दृष्टी मंदावू लागली. आधी दिव्याच्या उजेडात अक्षरे पुसट झाली, मग भर दुपारीही. वैद्यांनी औषध दिले, उपयोग झाला नाही. पंत पुस्तक उघडून तासन् तास बसत. पानावर मुंग्यांच्या रांगा दिसत, शब्द काही दिसत नसत. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. वाचणारा माणूस म्हणूनच सगळे आपल्याला ओळखतात. वाचन गेले तर आपल्याजवळ उरले काय? असे त्यांच्या मनात येई. मग गुरुवारी ते पूर्वी वाचलेला एखादा ग्रंथ आठवत आणि तो सध्या वाचत असल्याचे सांगत.

एका गुरुवारी ओट्यावर ठकूबाई आल्या. त्या गावात खानावळ चालवत. उतारवयात त्या अक्षरे शिकल्या होत्या. पदराने कपाळ टिपत त्या म्हणाल्या, "मी सध्या पाखरांच्या गोष्टींचं पुस्तक वाचतेय. रोज एक पान होतं. काल चिमणीचं घरटं वाऱ्यानं पडलं, तर मला भाकरी गोड लागली नाही."

केरोपंत मोठ्याने हसले. "अहो ठकूबाई, ते पुस्तक पहिलीतल्या पोरांचं! इथे सांगण्यासारखं त्यात काय आहे?"

पंत हसले म्हणून दोघेचौघे हसले. ठकूबाईंनी पुस्तक पिशवीत घातले आणि त्या खाली मान घालून बसून राहिल्या. पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत.

घरी गेल्यावर पंतांना ते हसू टोचत राहिले. ठकूबाईंना रोज एक पान वाचता येत होते, आपल्याला एक ओळही येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण त्यांनी मन घट्ट केले आणि विषय मागे टाकला.

त्या दिवसानंतर ओट्यावरचा रंग बदलला. जो तो भारी भारी ग्रंथांची नावे घेऊ लागला. कोणी कोणाला काही विचारीना. विचारले तर उत्तर देता येणार नाही, ही धास्ती प्रत्येकाला होती. हळूहळू माणसे गळू लागली. कोणाला काम निघे, कोणाकडे पाहुणे येत. शेवटी एका गुरुवारी केरोपंत ओट्यावर एकटेच बसले होते.

तेवढ्यात बाळाराम शिंपी काखेत पुस्तक मारून समोरून निघाला. पावलांच्या आवाजावरून पंतांनी त्याला ओळखले.

"बाळाराम, आज कोणीच कसं आलं नाही रे?"

बाळाराम घुटमळला. "आम्ही हल्ली ठकूबाईंच्या अंगणात बसतो, पंत."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"रागावू नका. तुमच्यासमोर बोलायची भीती वाटते. मागे मी ज्या ग्रंथाचं नाव घेतलं ना, तो मी उघडूनही पाहिला नव्हता. मला आवडतात शिकारीच्या गोष्टी. तिथे त्या मोकळेपणानं सांगता येतात."

 काठी टेकत पंत घरी परतले. त्यांना आधी राग आला, मग रडू आले. तो आठवडा त्यांना फार जड गेला. घर पुस्तकांनी भरलेले होते आणि त्यातले एकही त्यांच्याशी बोलत नव्हते.

पुढच्या गुरुवारी ते ठकूबाईंच्या अंगणाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत हसण्याबोलण्याचा आवाज चालला होता. त्यांना पाहताच सगळे गप्प झाले. ठकूबाई उठल्या. त्यांनी चटई झटकून पसरली आणि म्हणाल्या, "या पंत, बसा. सध्या काय वाचताय?"

एका मोठ्या ग्रंथाचे नाव पंतांच्या जिभेवर तयार होते. ते घेतले असते तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि त्यांचा मान राहिला असता. पण पंतांनी ते घेतले नाही.

"काहीच नाही," ते म्हणाले. "मला दिसत नाही, ठकूबाई. कित्येक महिन्यांत मी एक ओळही वाचलेली नाही. तुम्ही वाचत होता याचा मला हेवा वाटला, म्हणून मी हसलो. माझं चुकलं."

अंगणात कोणीही हसले नाही. बाळारामने पुढे होऊन पंतांचा हात धरला आणि त्यांना चटईवर बसवले.

ठकूबाई म्हणाल्या, "एवढं एकट्यानं सोसलंत होय? आधी बोलला असतात तर आम्ही वाचून दाखवलं नसतं का? मीच वाचते आता. पण माझं वाचणं अडखळत असतं हं."

"मला कसली घाई आहे?" पंत म्हणाले.

ठकूबाईंनी मांडीवरचे पुस्तक उघडले. वाळवंटात कळपापासून चुकलेल्या उंटाच्या पिल्लाची ती गोष्ट होती. त्या अक्षरांखाली बोट फिरवत वाचू लागल्या. एका जोडाक्षरापाशी त्या अडल्या. पंतांना तो शब्द मागच्या-पुढच्या शब्दांवरून ओळखू आला होता. जन्मभराच्या सवयीने तो ओठांवरही आला, पण ते थांबले. ठकूबाईंनी दोनदा जुळवून तो शब्द आपला आपण लावला, आणि त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून पंतांनाही हसू फुटले.

पान संपले तेव्हा अंधारून आले होते. ठकूबाईंनी पुस्तक मिटले. "रोजच्यासारखं एक पान झालं. उरलेलं उद्या वाचून दाखवीन."

पंतांनी घाईघाईने हात पुढे केला. "अहो, आणखी थोडं वाचा ना. त्या पिल्लाला आई सापडते की नाही, तेवढं तरी कळू द्या!"

तात्पर्य: आपण काय वाचतो ते खरेखरे सांगावे आणि दुसऱ्याचे मानाने ऐकावे. दिखाव्यासाठी वाचनाचा आव आणणारा माणूस पुस्तकांनाही मुकतो आणि माणसांनाही.