मिठागरातली हिरवी ज्योत

खाडीकाठच्या मिठागरात, जिथे मिठाचे ढीग उन्हात चांदीच्या टेकड्यांसारखे लखलखत, हौसा नावाची एक गरीब मुलगी आईबाबांसह राहत असे. गोड्या पाण्याची विहीर तेथून कोसभर दूर होती. आई रोज एकच घागर आणी. त्यातून हौसाच्या वाट्याला एक तांब्या येई, आणि त्यातला अर्धा ती झोपडीपुढच्या कोमेजलेल्या जाईच्या वेलाला घाली.

"स्वतः तहानलेली राहतेस आणि वेलाला पाजतेस," आई म्हणे. "एक कळी तरी दिली का त्याने?"

"देईल की," हौसा म्हणे.

एके दिवशी आईला ताप भरला आणि घागर आलीच नाही. शिळे पाणी हौसाने आईला पाजले. तळाशी उरलेला घोट वेलाला घातला. संध्याकाळी खाडीवर दाट धुके उतरले. बाबांची होडी अजून परतली नव्हती.

खाडीच्या मुखाशी काळे, अणकुचीदार खडक होते. त्यांतून वाट दाखवण्यासाठी आई रोज झोपडीसमोरच्याच धक्क्यावर कोळशाची शेगडी पेटवी आणि तिच्या निळसर ज्वाळेत चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्यापासून बनणारी निळी पूड, टाकी. ज्वाळा पाचूसारखी हिरवीगार होई. काठावरचे इतर सारे दिवे पिवळे असत; हिरवी ज्योत दिसली, की बाबा होडी तिकडे वळवीत.

"आज शेगडी तू पेटव. हात स्वच्छ धुऊन मगच चिमूट घे, हौसे," आई अंथरुणावरून क्षीण आवाजात म्हणाली.

हौसाने धक्क्यावर शेगडी पेटवली, खाडीत हात बुडवून खसाखसा धुतले आणि ओल्या बोटांनीच चिमूट टाकली. ज्वाळा पिवळीधमक झाली. दुसरी चिमूट टाकली, तीही पिवळीच.

"हौसे, दिवा कुठे आहे?" धुक्यातून बाबांची हाक आली.

इतक्यात जाईच्या वेलावर एक इवलीशी कळी उमलली आणि तिच्यातून मोतिया पंखांची चिमुकली परी बाहेर आली.

"बाळ, तू मला रोज पाणी पाजलेस. तीन इच्छा माग. पण एक नियम आहे: कोणाच्याही जिन्याची पायरी मी हलवणार नाही."

"परीताई, ही ज्योत हिरवी कर."

परीने मान हलवली. "ते माझ्या हाती नाही, आणि मागितलेली इच्छा परत मिळत नाही. प्रत्येक कणात इलेक्ट्रॉन नावाची चिमणी बाळे राहतात. त्यांचा जिना ठरलेला असतो. दोन पायऱ्यांच्या मधे त्यांना उभे राहता येत नाही. आच लागली की ती वर चढतात, आणि खाली उडी घेताना प्रकाश सांडतात. उडी लहान असली तर तांबडा, थोडी मोठी तर पिवळा, त्याहून मोठी तर हिरवा, मग निळा, जांभळा. ही पिवळी उडी घेणारे दुसरेच कोणी आहे."

"मग आच वाढव."

निखारे रसरसले. ज्योत उंच झाली, झगझगीत झाली, पण पिवळीच राहिली.

"बाळांची गर्दी वाढली," परी हळूच म्हणाली, "उडी तेवढीच राहिली. आता एकच इच्छा उरली."

"हौसे!" बाबांची हाक खडकांच्या बाजूने आली.

हौसाने बोटे तोंडाशी नेली. जिभेला खारट लागले. मोरचूद तर खारट नसते. मग पिवळी उडी मारणारे ते दुसरे कोण, हे तिला कळले. खाडीच्या पाण्यातले मीठ! हात धुतले होते ते त्याच पाण्याने.

"परीताई, मला ओंजळभर गोडे पाणी दे."

वेलाच्या पानापानांवरून दवाचे टपोरे थेंब ओघळले. हौसाने हात धुतले, परकराच्या कोरड्या घडीला पुसले, निखाऱ्यांवरचे मीठ उडून जाईपर्यंत श्वास रोखून वाट पाहिली, आणि नवी चिमूट टाकली.

ज्वाळा हिरवी झाली, पोपटाच्या पिसासारखी हिरवी. धुक्यात वल्ह्यांचा आवाज वळला, जवळ आला, आणि होडीचे नाक धक्क्याला टेकले.

"उशीर केलास हो, दिवेकरीण बाई," बाबा धापा टाकत म्हणाले आणि त्यांनी तिला घट्ट जवळ घेतले.

परी हसली. तांबडी, पिवळी, हिरवी, निळी, जांभळी, साऱ्या उड्या तिने एकदम घेतल्या आणि शुभ्र प्रकाशात ती दिसेनाशी झाली. ती जिथे उभी होती, तिथे वेलाच्या मुळाशी एक झरा झुळझुळू लागला. हौसाने वाकून बोट बुडवले आणि चाखून पाहिले.

पाणी गोड होते.