ट्रकचा मुहूर्त

नागझरीच्या सरकारांचा ट्रक सुरू होईना!

हँडल मारलं की "फट्!" असा बार, आणि काळा धूर थेट सरकारांच्या पांढऱ्या फेट्यावर. ट्रक जुना, पेट्रोलवरचा. त्याच्या इंजिनातल्या झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, झिजला होता; तो तातोबा मिस्त्रीनं बदलला, आणि तेव्हापासून हा तमाशा. शहरातून तीन तज्ज्ञ आले. एक म्हणाला, कार्बुरेटर बदला. दुसरा म्हणाला, नवा कॅमशाफ्टच खोटा. तिसरा म्हणाला, ट्रकच नवा घ्या. तिघंही दोन-दोन कप चहा पिऊन गेले.

सरकारांचं डोकं तापलं.

"बस्स! माणसांचं बोलणं पुरे. आता ट्रकनंच स्वतःच्या तोंडानं सांगावं, काय बिघडलंय ते! तिन्हीसांजेपर्यंत तो बोलला नाही, तर तातोबा, गॅरेजच्या किल्ल्या ठेव आणि गाव सोड!"

तातोबाच्या हातातला पाना गळून पडला. त्याची लेक हौसा मात्र पदर खोचून पुढं आली. इंजिनाच्या तेलातच ती वाढली होती.

"बोलेल की, सरकार. पण विचारायचं मालकानं. हँडल तुम्ही फिरवायचं."

"मी?"

"ट्रक कुणाचा?"

सरकारांनी बाह्या सरसावल्या.

हौसानं घरातून जत्रेतली पिपाणी आणली. पहिल्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढला, पिपाणीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि प्लगच्या भोकात ती घट्ट बसवली.

"पुढच्या पुलीवर पांढरी खूण आहे बघा. ती काट्यासमोर आली, की ठिणगीची वेळ. फिरवा!"

सरकारांनी दात-ओठ खाऊन हँडल फिरवलं. खूण काट्यासमोर आली. ट्रक गप्प!

बाजूला उभे असलेले सरकारांचे कारभारी तोंडावर उपरणं धरून हसले. तातोबानं डोळे मिटून घेतले.

"बोलत नाही की गं!"

"रुसलाय. अजून एक फेरी."

सरकारांनी पुन्हा जोर लावला. खूण काट्याजवळ येते न येते तोच, "पीं ऽ ऽ!"

सरकार दोन हात मागं उडाले. कारभाऱ्यांचं उपरणं खाली पडलं.

"काय... काय म्हणाला?"

"म्हणाला, आत्ता! ठिणगी आत्ता द्या! खूण दर फेरीला येते, सरकार. पण आतली हवा दाबली जाते एक फेरी सोडून. ती दाबली गेली की पिपाणी वाजते. आणि हा डिस्ट्रिब्युटर बघा, आत्ता त्याचं तोंड पहिल्या प्लगकडं नाही, उलट्या बाजूला आहे. म्हणजे आपण ठिणगी देतोय नेमकी गप्प फेरीला."

"मग ठिणगी वाटणारा तो डिस्ट्रिब्युटर गप्प फेरीला बसवलाच का?" सरकार तातोबावर गरजले.

हौसा म्हणाली, "मी सांगते, पण रागवायचं नाही. कॅमशाफ्ट बदलताना डिस्ट्रिब्युटर काढावा लागतो; परत बसवताना बा अजून एक फेरी मारणारच होता. पण तुम्ही काढला होता अकरा बेचाळीसचा मुहूर्त! जोशीबुवा ओरडले, 'सावधान!' तुम्ही ओरडलात, 'बसव!' बानं बसवला."

"मुहूर्त उत्तम होता!"

"होता की! पण तो जोशीबुवांना विचारलात. ट्रकला कुठं विचारलात?"

सरकारांनी हँडल तातोबाच्या हाती दिलं.

तातोबानं डिस्ट्रिब्युटर उचलला, अर्धा फिरवून परत बसवला, प्लग लावला. एकच हँडल, आणि ट्रक धडधडला! मग कान देऊन त्यानं डिस्ट्रिब्युटर केसभर इकडं, केसभर तिकडं केला. आवाज मऊ झाला. धूर नाही, बार नाही.

"तीन तज्ज्ञांपेक्षा माझा ट्रक शहाणा!" सरकार म्हणाले.

"आणि त्यानं चहासुद्धा मागितला नाही!"

सरकार पोट धरून हसले. "माग पोरी, काय हवं ते!"

"बाच्या किल्ल्या बाजवळच राहू द्या. आणि मला हा ट्रक चालवायला शिकायचंय."

"शिक की! कधीपासून? जोशीबुवांना विचारतो."

"नको, सरकार! ट्रक आत्ताच हो म्हणतोय."

सरकारांचं हसू थांबेना. फेट्यावरची काजळी झटकत त्यांनी स्वतःच्या हातानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "चढा, ड्रायव्हरबाई!"