हंगर म्हणजे काय?

"हंगर म्हणजे भूक!" बाळराजे घडाघडा म्हणाले.

"शाब्बास! आणि भूक म्हणजे काय?" सर्जेराव महाराजांनी विचारलं.

"हंगर!"

महाराजांनी कपाळाला हात लावला. उद्या गोऱ्या साहेबाच्या शाळेत बाळराजांची परीक्षा होती. पगारी मास्तरांवर भरवसा नाही म्हणून महाराज स्वतःच शिकवत होते. काऊ गोठ्यात दाखवली, मिल्क पेल्यात दाखवलं. पण हंगर दाखवणार कुठून? भूक लागायच्या आधीच बाळराजांपुढे ताट हजर!

आत्ताही आचारी गणोजीची मुलगी येसू लाडवांचं ताट घेऊन उभी होती. तिला हसू आवरेना.

"हसतेस?" महाराज कडाडले. "मग तूच शिकव! आज संध्याकाळच्या आत. आणि नीट ऐक, साहेबाच्या शाळेत मराठी चालत नाही. अर्थ मराठीत सांगायचा नाही, चित्र काढायचं नाही, हातवारे करायचे नाहीत! नाही जमलं तर उद्या सकाळी तू आणि तुझा बाप राजवाड्याबाहेर!"

दारात उभा असलेला गणोजी लगबगीने तिच्याजवळ आला. "अगं, माफी माग!" तो कुजबुजला.

येसूने ताट खाली ठेवलंच नाही. "शिकवते, सरकार! पण आजचा दिवस मुदपाकखान्यात हुकूम माझा. मध्ये कुणी पडायचं नाही. आपणसुद्धा!"

"दिला शब्द!"

येसू लाडवांसकट परत गेली.

दुपार झाली. ताट आलं नाही. मुदपाकखान्यातून कांद्याच्या फोडणीचा खमंग वास मात्र आला. महाराजांनी शिपाई पिटाळला, "जेवण कुठं आहे म्हणून विचार!"

शिपाई निरोप घेऊन आला, "शिकवणी चालू आहे म्हणाली, सरकार!"

महाराज चरफडले. पण शब्द दिलेला! त्यांनी कमरेचा शेला आवळला आणि येरझाऱ्या घालू लागले.

उन्हं कलली तसे बाळराजे पोट धरून आले. "आबासाहेब, वैद्यांना बोलवा! पोटात काहीतरी ओढतंय. आणि सारखे लाडूच दिसतायत!"

महाराजांचे डोळे चमकले. "बाळराजे! हंगर! हीच हंगर!"

"हीच?" बाळराजे रडवेले झाले. "पुस्तकात केवढासा शब्द आहे, आणि पोटात केवढा!"

तेवढ्यात येसू पिठलं-भाकरी घेऊन आली. एरवी जिलबीला नाक मुरडणारे बाळराजे भाकरीवर तुटून पडले. बोटं चाटली, ताटही चाटलं.

"जिंकलीस, पोरी!" महाराज म्हणाले. "एक शब्द बोलली नाहीस, हातसुद्धा हलवला नाहीस! पण परीक्षा बाळराजांची. मला कशाला गं उपाशी ठेवलंस?"

गणोजीने डोळे घट्ट मिटून घेतले.

"सरकार," येसू हात जोडून म्हणाली, "शिकवणाऱ्याला आधी अर्थ कळायला नको?"

मग महाराज असे हसले, असे हसले, की रिकाम्या पोटात कळ आली.

"हे घे!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. "तुझ्या बापाची चाकरी कायम. आणि उद्यापासून बाळराजांच्या शेजारी तुझाही पाट! तूही इंग्रजी शिकायचं. पण ते उद्या! आज आधी मला वाढ!"