नदीपलीकडच्या नावांची कहाणी

ऐका बायांनो. पोरं मांडीवर घ्या, पदर सावरा, आणि मागच्या रांगेत ज्या कुजबुजतायत त्यांनी सुनांची गाऱ्हाणी घरी जाऊन करावीत. उपवासकाळाचा शुक्रवार आहे, वसा ऐकायला आलात, बाजाराला नाही. प्रभू येशू, तूही ऐक. कहाणी तुझीच आहे, आणि तिच्यात तुझ्यावर रागावलेली एक बाई आहे.

आटपाट म्हणावं असं नगर नव्हतं, नदीकाठचं गाव होतं. गावाच्या कडेला ख्रिस्ती लोकांची दहा-पंधरा घरं होती, मधे प्रभूचं छोटं देऊळ होतं, देवळाच्या दारात चिंचेला घंटा टांगलेली होती. तिथं राहेल नावाची बाई नांदत होती. घरात सासू होती, नवरा याकोब गवंडीकाम करत होता, सलोमी नावाची नऊ वर्षांची लेक होती. खाऊनपिऊन बरं चाललं होतं.

मग काय झालं? प्लेग आला. आढ्यावरून उंदीर टपाटप पडले. काखेत गाठ दिसली की सरकारी शिपाई येत, माणसाला उचलून नदीपलीकडच्या झोपड्यांत नेत. घाटावर काठीवाला शिपाई बसे. तो इकडचं माणूस तिकडे जाऊ देईना, तिकडचं इकडे येऊ देईना. सोमवारी सासूला नेलं. बुधवारी याकोबला नेलं. शुक्रवारी सलोमीला नेलं. राहेल शिपायाच्या पायांवर लोळली, "मलाही न्या" म्हणाली. शिपाई म्हणाला, "तुला गाठ नाही." काठी आडवी घातली आणि तिला मागं लोटलं.

मग राहेल देवळात गेली. तिथं मार्था नावाची म्हातारी झाडलोट करत होती. तिचे तीन मुलगे आदल्या साथीत गेले होते. राहेल म्हणाली, "मावशी, घरात बसवत नाही. मी काय करू?"

"वसा घेशील?"

"घेईन. उपास करू? अनवाणी राहू?"

"तू उपाशी राहिलीस म्हणून तिकडच्यांचं पोट भरणार आहे का? रोज उजाडलं की घंटेचे तीन टोल दे. मग नदीवर उभी राहा. पलीकडे नेलेल्या एकेकाचं नाव घे आणि प्रभूला सांग, ह्याला सांभाळ. मोठ्यानं सांग, त्यांना ऐकू गेलं पाहिजे. जात बघू नकोस, धर्म बघू नकोस, जुनं भांडण आठवू नकोस. आणि आपल्या माणसांची नावं सगळ्यात शेवटी घे."

"शेवटी का गं?"

"आधी घेतलीस तर बाकीची घेशील का?"

"आणि फळ काय?"

"मला ठाऊक नाही बाई. घ्यायचा तर घे."

राहेलनं वसा घेतला. मनात म्हणाली, माझी तिघं परत आली की झालं. आपण बायका अशाच! देवापुढे गुडघे टेकतो आणि भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करतो.

पहिल्या सकाळी तीन टोल दिले, नदीवर गेली, नावं घेतली. तेलिणीचं घेतलं, पाटलाच्या भावाचं घेतलं, कुंभाराच्या भागीरथीचं घेतलं. पलीकडे सामसूम. मग कुणीतरी जेवायच्या ताटलीवर दगड मारला, टण्ण! पुढचं नाव घेतलं, पुन्हा टण्ण! ज्याचं नाव येई तो ताटली वाजवी, मी आहे म्हणून सांगे. शेवटी सासूची वाजली, याकोबची वाजली, सलोमीची वाजली. राहेल वाळूत बसून रडली.

तिसऱ्या दिवशी सासूची ताटली वाजली नाही. राहेलनं वसा सोडला नाही. सातव्या दिवशी याकोबची वाजली नाही. तिनं मंगळसूत्र उतरवलं, तोंड धुतलं, दुसऱ्या सकाळी घंटेपाशी हजर झाली. वसा सोडला नाही. सलोमीची ताटली रोज वाजत होती ना! तेवढ्या एका आवाजावर ती दिवस काढत होती. असे वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी राहेलनं हाक मारली, "सलोमी!" काहीच आलं नाही. पुन्हा मारली. पुन्हा मारली.

मग ती देवळात आली आणि घंटेचा दोर तिनं कापून टाकला. वर तोंड करून म्हणाली, "आकाशातल्या बापा, तुझंही लेकरू असंच तळमळून गेलं होतं. तुला तरी कळायला हवं होतं! एक पोर मागितली होती, एक!" मार्था कोपऱ्यात उभी होती. तिला विचारलं, "कुठं आहे गं तुझा प्रभू?" मार्था म्हणाली, "पलीकडे असेल. आजारी माणसं तिकडं आहेत. तो इकडे बसून काय करील?"

राहेल घरी गेली, दार लावून पडून राहिली. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आता तुम्ही म्हणाल, वसा टाकला, देव कोपला असेल. नाही गं बायांनो. वीज पडली नाही, घर जळालं नाही. तिचं आणखी काय जायचं उरलं होतं?

चौथ्या सकाळी नदीकडून ताटल्यांचा आवाज आला. आधी एक, मग दहा, मग वीस. आणि हाक आली, "राहेऽल! आहेस का गं बाई?" राहेल उठली, धडपडत नदीवर गेली. घाट मोकळा होता, शिपायालाच गाठ आली होती. पलीकडे भागीरथी कुंभारीण काठी टेकून उभी होती.

"जिवंत आहेस होय! तीन दिवस घंटा नाही, आम्हाला वाटलं तूही गेलीस. घंटेला माणसं उठून बसायची, बाई. तीन दिवसांत कुणी पेजेला तोंड लावलं नाही."

"माझी सलोमी कधी गेली?"

भागीरथीनं मान खाली घातली. "नवव्या दिवशी."

"खोटं! विसाव्या दिवसापर्यंत तिची ताटली वाजत होती."

"मी वाजवत होते."

"फसवलंस मला!" राहेलनं वाळूची मूठ भरून नदीत फेकली. "का फसवलंस?"

"तू थांबली असतीस तर माझं नाव कुणी घेतलं असतं? माझ्या घरात नाव घ्यायला एक माणूस उरलं नाही. एकविसाव्या दिवशी मला ताप चढला, हात उचलेना. त्या दिवशी माझीही ताटली वाजली नव्हती, राहेल. तुझ्या ध्यानात आलं का?"

राहेलच्या ध्यानात आलं नव्हतं. वीस दिवस तिनं चाळीस नावं घेतली होती आणि कान एकाच नावाला लावले होते. ती खाली बसली. मग हळूच म्हणाली, "शेवटच्या दिवशी तिनं माझी हाक ऐकली का?"

"ऐकली. सगळी नावं होईस्तोवर डोळे उघडे ठेवून पडली होती. तुझी हाक आली, आणि हसली. हातात ताटली धरवेना म्हणून मी वाजवली. मग गेली."

मग राहेल घरी गेली. हंडाभर पेज शिजवली, डोक्यावर घेतली आणि कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेली. मार्थानं घंटेला नवा दोर बांधला. इकडे मार्था टोल देई, तिकडे राहेल एकेकाजवळ बसून नाव घेई, पेज पाजी, मेलेल्याला न्हाऊ घालून माती देई. आता ती प्रत्येकाच्या उत्तराची वाट बघे. साथ सरली तेव्हा निम्मी माणसं उठून घरी गेली. भागीरथी वाचली. सलोमी उठली नाही. दुसऱ्या कहाण्यांत लेकरं उठून बसतात, हिच्यात नाही, मी उगाच खोटं कशाला सांगू? राहेलचा देवावरचा राग गेला का? थोडा गेला, थोडा राहिला. राग धरूनच ती गुडघे टेकी, आणि प्रभू ऐकून घेई.

तर बायांनो, राहेलनं जे मागितलं ते तुम्हाआम्हाला मिळो. आणि नाहीच मिळालं, तर पाण्यात पाय घालायचं जे बळ तिला मिळालं, ते तरी मिळो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, प्रभूच्या पायी ठेवली, इथं पुरी झाली. आमेन म्हणा, आणि मोठ्यानं म्हणा.