लव्हाळी आणि सोनकिड्या

राजा भद्रसेनाला भारी अभिमान, की राज्यात घरोघरी एक तरी भद्रसेन आहे. एकदा सुगंधा कोष्टीण शेला द्यायला दरबारात आली. सोबत चिमुरडी लेक होती, लव्हाळी.

"हे काय गवताचं नाव?" राजा हसला.

"पुरात लव्हाळं धरून मी वाचले, महाराज. तिथंच काठावर ही जन्मली."

"जे नाव दुसऱ्या कुणाचंच नाही, त्याला कसलं मोल? बदल ते."

"बदलते. पण आईसाहेब तुम्हाला जवळ घेऊन काय म्हणायच्या?"

राजा घुटमळला. "सोनकिड्या."

"राज्यात दुसरा सोनकिड्या आहे?"

"नाही."

"मग त्या नावाला मोल नाही, महाराज?"

राजा सिंहासनावरून उतरून खाली बसला आणि त्याने हात पसरले.

"लव्हाळी," तो म्हणाला, "ये बाळा."